शिक्षेचे प्रमाण

असोद्याच्या कोणा रहिवाशास जळगावच्या सत्र न्यायालयाने सजा फर्माविली, तर अपील उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जाते. आणि तेथे दोषसिद्धीइतकीच शिक्षेच्या प्रमाणाचीही फेरतपासणी होते, कारण एकाच कलमाखाली कायदा न्यायाधीशास बहुधा विस्तीर्ण मोकळीक देतो. आरोपीच्या अपिलात शिक्षा घटू शकते. वाढवावयाची तर त्याचे म्हणणे आधी ऐकावेच लागते, आणि हे मला न्यायाचे किमान सौजन्य वाटते.

फाशीच्या शिक्षेबाबतही, सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालाने गुन्ह्यासोबत गुन्हेगाराच्या परिस्थितीचाही विचार अनिवार्य ठरविला असता, रवजी या आरोपीच्या फाशीच्या निकालात हा विचार राहून गेला, हे त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातील बरियार खटल्यात, फाशीऐवजी जन्मठेप देताना, २००९ साली स्पष्ट नोंदविले. रवजीस मात्र १९९६ मध्येच फाशी झाली होती.