महासंगणकावरील संशोधन-आज्ञावल्या आणि त्यांचे अवलंबित्व : देवनहळ्ळीच्या धुक्याच्या निमित्ताने

बंगळुरूच्या उत्तरेस देवनहळ्ळीजवळ मे २००८ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला. हिवाळ्यातील पहाटे तेथे धुके उतरते आणि विमानांची उड्डाणे खोळंबतात. जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राने विमानतळाच्या परिसरातील या धुक्याचा अभ्यास केला आहे. दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली म्हणजे हवामानशास्त्र त्यास धुके म्हणते. ते पडेल की नाही हे जमिनीलगतच्या हवेचे तापमान, आर्द्रता आणि वारा यांतील अगदी बारीक फरकांवर ठरते. अशा अंदाजाचे गणित मोठ्या संगणकांवर करावे लागते. बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘परम प्रवेग’ या महासंगणकाची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज गणिती क्रिया इतकी आहे. परंतु संशोधकाची पहिली अडचण बहुधा वेगाची नसते. आपली आज्ञावली तेथे मुळात चालावी कशी, ही असते.

‘डब्ल्यूआरएफ’ हे हवामानाचे सर्वपरिचित प्रारूप घेऊ. ते मुख्यतः फोर्ट्रान भाषेत लिहिलेले आहे. आकडेवारी वाचण्या-लिहिण्यासाठी त्याला ‘नेटसीडीएफ’ ही लायब्ररी लागते, तिच्या नव्या स्वरूपाला ‘एचडीएफ-५’ लागते, आणि अनेक संगणकांवर एकाच वेळी काम वाटून देण्यासाठी ‘एमपीआय’ लागते. नुसती ही नावे जुळून भागत नाही. ग्नू कंपायलरने सिद्ध केलेली नेटसीडीएफची फोर्ट्रान-जोडणी इंटेलच्या कंपायलरला वाचताच येत नाही. सोयरीक जमवताना घराणे पाहावे, तसे येथे प्रत्येक लायब्ररीचे कुळ पाहावे लागते.

स्वतःच्या संगणकावर हा पसारा मनाजोगता मांडता येतो. सामायिक संगणक-समूहावर मात वापरकर्त्याला प्रशासकीय अधिकार नसतात, आणि प्रशासकालाही एकासाठी लायब्ररी बदलून दुसऱ्याचे चालू काम मोडता येत नाही. या पेचावरील जुना तोडगा ‘मॉड्यूल’ पद्धतीचा असून ती १९९१ पासून रूढ आहे. एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि ज्याला जी हवी ती त्याच्या सत्रापुरती दृष्टिपथात आणायची, इतकीच तिची युक्ती. आवृत्त्यांचे गुणाकार वाढले तेव्हा ही मांडणी हाताने करणे अशक्य झाले. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २०१३ मध्ये सुरू झालेले ‘स्पॅक’ आणि बेल्जियममधील गेंट विद्यापीठातून आलेले ‘ईझीबिल्ड’ ही साधने कंपायलरसह संपूर्ण अवलंबित्व-वृक्ष स्वतः उभारतात. स्पॅक तर प्रशासकीय अधिकारांवाचून, वापरकर्त्याच्या स्वतःच्या जागेतही चालते.

पायथॉन वापरणारे संशोधक सहसा ‘कोंडा’कडे वळतात. ते सोयीचे खरे. पण एकेका परिसरात हजारो लहान फायली साठतात, आणि काम सुरू होताच शेकडो संगणक त्याच फायली एकदम उघडू पाहतात. मोठ्या फायलींसाठी रचलेल्या लस्टरसारख्या सामायिक साठवण-प्रणालीस हा भार जड जातो. एकाची सोय ती सर्वांची गैरसोय, असा हा प्रकार आहे. त्यापेक्षा सर्व परिसर एकाच फायलीत बंद करणारा ‘ॲपटेनर’चा कंटेनर बरा. २०२१ पूर्वी तो ‘सिंग्युलॅरिटी’ या नावाने ओळखला जाई. मात्र त्याच्या आतील एमपीआय यजमान-समूहाच्या एमपीआयशी जुळणारे असावे लागते. ‘एकदा बांधले की कोठेही चालेल’ हा समज तेथे फसतो.

हे सारे तांत्रिक किरकोळीत जमा करण्याची वृत्ती संशोधकांत आढळते, ती योग्य नव्हे. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ भरून गणित पुन्हा चालविले आणि काही काळातच त्यांचे हवामान अगदी वेगळे निघाले. कंपायलर बदलला, किंवा त्याचे पर्याय बदलले, तर बेरजांचा क्रम बदलू शकतो. आणि मर्यादित दशांशस्थळांच्या गणितात क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. धुक्यासारख्या उंबरठ्यावरच्या घटनेत तेवढा फरक पुरे होऊ शकतो. म्हणून प्रबंधात केवळ ‘डब्ल्यूआरएफ वापरले’ असे लिहिणे अपुरे होय. त्याची आवृत्ती, कंपायलर व त्याचे पर्याय, लोड केलेल्या मॉड्यूलांची यादी आणि स्पॅकने ठरविलेल्या वृक्षाची फाईल हे सर्व निष्कर्षाच्या आकड्यांसोबतच जपले पाहिजे. मॉड्यूलांची यादी निकालाच्या फायलीत उतरविण्यास कार्यपत्रातील एक ओळ पुरते.

हा तपशील मागाहून जमविता येत नाही. अनेक संगणक-समूहांवर वर्षानुवर्षे चाललेल्या ‘सेंटओएस ७’ या कार्यप्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. कार्यप्रणाली बदलली की मॉड्यूले नव्याने बांधली जातात आणि जुनी काढून टाकली जातात. ज्याच्या कार्यपत्रात केवळ त्यांची नावे होती, त्याच्या हाती तेव्हा नावेच उरतात.