मूळ पद आणि पुनर्गायन : ‘कट्यार काळजात घुसली’च्या निमित्ताने

एखादे गाजलेले गीत दुसऱ्या गायकाने नव्याने गायिले म्हणजे श्रोतृवर्गात दोन तट पडतात. एकास मूळ गायनाहून वेगळे असे जे काही ऐकू येते ते सर्व न्यून वाटते. दुसऱ्यास केवळ नवेपणा हाच गुण वाटतो. ह्या दोन्ही भूमिकांत एक गृहीत समान आहे. ते असे की, गीताचे ‘मूळ’ रूप एकच असून ते निश्चित व अढळ असते. मराठी नाट्यसंगीताच्या अभ्यासकाने प्रथम तपासून पाहावयास हवे ते हेच गृहीत होय.

ज्यास आपण मूळ पद म्हणतो ते बहुधा स्वतःच एक पुनर्गायन असते. इ. स. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. तेव्हापासूनच्या संगीत नाटकांची छापील पुस्तके उघडून पाहिली तर पदाच्या शिरोभागी ‘चाल’ असा निर्देश आढळतो. एखादे जुने पद, कीर्तनातील रचना, लावणी वा हिंदुस्थानी चीज ह्यांच्या चालीवर नवे शब्द बसविलेले आहेत, असा त्याचा अर्थ. पुढे १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकात भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीतील बंदिशींचे द्रव्य मुक्तपणे वापरले. तेव्हा चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे आणि गळा तिसऱ्याचा, ही आपल्या नाट्यपदाची सहजस्थिती आहे. ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ ही जोडी तेथे फारशी उपयोगी पडत नाही.

‘कट्यार काळजात घुसली’ ह्या नाटकाचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर ह्यांनी लिहिलेले आणि जितेंद्र अभिषेकी ह्यांनी संगीत दिलेले हे नाटक १९६७ च्या डिसेंबरात ‘नाट्यसंपदा’ने रंगभूमीवर आणले. खाँसाहेब आफताब हुसेन ह्यांची भूमिका वसंतराव देशपांडे ह्यांनी केली. नाटकाचा विषयच मुळी गायकीच्या हस्तांतराचा आहे. पंडित भानुशंकरांचा शिष्य सदाशिव हा प्रतिस्पर्धी खाँसाहेबांची विद्या मिळविण्यासाठी झुरतो आणि खाँसाहेब ती आपल्या घराण्याची मिरास म्हणून राखून ठेवतात. घराण्याबाहेरच्याने आत्मसात केलेली गायकी ही चोरी की साधना, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. शिवाय ‘घेई छंद’ ह्या एकाच पदास ह्या नाटकात दोन चाली आहेत, एक पंडितजींच्या वळणाची व दुसरी खाँसाहेबांच्या. शब्द तेच राहून गायकी पालटली की पदाचे व्यक्तिमत्त्व कसे पालटते, हे अभिषेक्यांनी नाट्यवस्तूचाच भाग करून दाखविले. म्हणजे पुनर्गायन येथे मूळ कृतीच्या पोटातच आहे.

सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट २०१५ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. त्यात अभिषेक्यांच्या काही रचना राखून शंकर-एहसान-लॉय ह्यांनी नव्या रचनांची भर घातली. खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगावकर ह्यांनी केली आणि त्यांचे गायन वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे ह्यांनी केले. सदाशिवाचे गायन महेश काळे ह्या अभिषेक्यांच्याच शिष्याने केले. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन स्वतः अभिनय करून गायिले.

ह्या दोन आविष्कारांची तुलना करताना तीन बाबी वेगळ्या काढणे अवश्य आहे. पहिली बाब स्थलकालाची. रंगमंचावर नट आणि गायक एकच असे. प्रेक्षकांच्या प्रतिसादानुसार तो पद वाढवी वा आवरी, आणि ‘वन्स मोअर’ आला तर तेच पद पुन्हा निराळ्या अंगाने गाई. चित्रपटात गीताची लांबी दृश्याने ठरते. दुसरी बाब साथीची. ऑर्गन आणि तबला ह्यांच्या मोजक्या साथीत गळ्याची हरकत उघडी पडते. वाद्यवृंदाच्या भरण्यात ती अनेक रंगांपैकी एक रंग होते. तिसरी बाब परंपरेची. नातवाने आजोबांची तान घेतली तर तो वारसा, परक्याने घेतली तर अनुकरण, असा निवाडा श्रोता नकळत करून टाकतो. पण हा निवाडा स्वरांवर नव्हे, नात्यावर आधारलेला असतो. ज्या नाटकाने ह्याच वृत्तीवर बोट ठेवले, त्याच्या मूल्यमापनात ती शिरावी, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

ह्या चर्चेचे महत्त्व केवळ नामवंतांपुरते नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा झाडीपट्टी रंगभूमीच्या प्रदेशात मोडतो. धानाची कापणी आटोपली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, म्हणजे येथे मंडपांतून रात्रभर नाटके होतात, आणि पुष्कळदा नट स्वतः जिवंत साथीवर गातात. परिचित पदाची किंवा चालीची येथे होणारी आवृत्ती सहसा ध्वनिमुद्रित होत नाही; पहाटेबरोबर ती संपते. अशा गायनास शहरातील ध्वनिमुद्रिकेचा गज लावला तर ते कायमच ‘अपुरी नक्कल’ ठरणार. वस्तुतः ध्वनिमुद्रिका म्हणजे असंख्य प्रयोगांपैकी एकाच प्रसंगी टिपलेले गायन होय. ती जतन झाली म्हणून ती प्रमाण ठरत नाही.

म्हणून तुलनेचा प्रश्न ‘कोणते गायन श्रेष्ठ?’ असा न ठेवता पुढीलप्रमाणे ठेवणे युक्त होय : चालीचा कोणता भाग स्थिर राहिला, कोणता पालटला, आणि तो पालट प्रसंग, साथ व श्रोता ह्यांपैकी कशामुळे घडला? ह्या रीतीने पाहिल्यास वसंतरावांचे गायन, २०१५ चे चित्रपटगायन आणि झाडीपट्टीतील एखाद्या मंडपातले गायन ही तिन्ही एकाच अभ्यासाच्या कक्षेत येतात. फरक इतकाच की पहिली दोन उद्याही ऐकावयास मिळतील. तिसऱ्यासाठी अभ्यासकाने हंगामात त्या मंडपात जाऊन बसले पाहिजे.