गिरण्यांच्या जमिनी आणि गिरणगावचे अंगण

मुंबईच्या फोर्ट विभागात हॉर्निमन सर्कलच्या बागेत दुपारी घटकाभर टेकणाऱ्या कारकुनाला, आपण बसलो आहोत त्याच जागी एकेकाळी कापसाच्या गासड्यांचे ढीग रचले जात होते, याची सहसा कल्पना नसते. कापसाचा बाजार कुलाब्याकडे गेल्यावर त्या मोकळ्या पटांगणाचा उकिरडा झाला. पुढे १८६० नंतरच्या दशकात तेथे वर्तुळाकार चौक आखण्यात आला. सभोवतालचे भूखंड विकले गेले, परंतु मधली जागा मोकळी ठेवून तिची बाग करण्यात आली. १८७२ साली ती पूर्ण झाली. स्वातंत्र्योत्तर काळात तिला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. व्यापाराने टाकून दिलेली जागा नागरिकांच्या पदरात पडू शकते, आणि तसे झाल्याने व्यापाराचे काही बिघडत नाही, याचा हा दीडशे वर्षांपूर्वीचा दाखला.

त्याच कापसावर पुढे गिरणगाव उभे राहिले. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. त्यानंतरच्या शतकभरात लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा या भागांचे जीवन गिरणीच्या भोंग्यावर चालू लागले. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस साचेखात्यात नाही तर त्रासनखात्यात लागला, चाळीतील एका खोलीत पाळीपाळीने झोपला आणि खानावळीत जेवला. घर एवढे अपुरे की त्याचा खरा संसार घराबाहेरच होता. चाळीचे अंगण, व्यायामशाळा, भजनी मंडळ, कामगार मैदान आणि कामगार रंगभूमी यांनी त्याला माणूसपण दिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांची शाहिरी आणि नारायण सुर्वे यांची कविता याच मातीतली. सार्वजनिक जागा ही गिरणगावाची चैन नव्हती. ते त्याचे दुसरे घर होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. मागे राहिली ती शहराच्या ऐन मध्यावरची सुमारे ६०० एकर जमीन. ही जमीन कोणाची, हा प्रश्न १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने एका परीने न्याय्य रीतीने सोडविला होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी ती वाटणी होती.

२००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता, ज्यावर बांधकाम नाही अशा जमिनीपुरतीच करावयाची, असे ठरले. शब्द थोडे बदलले, परंतु अर्थ पार पालटला. समजा, एखाद्या गिरणीची जमीन १२ एकर आहे आणि त्यांपैकी ९ एकरांवर शेड उभ्या आहेत. पूर्वीच्या हिशेबाने शहराच्या मोकळ्या जागेसाठी सुमारे ४ एकर मिळाले असते. नव्या हिशेबाने जेमतेम एक. या दुरुस्तीविरुद्ध पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तिच्या बाजूने कौल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

दुरुस्तीच्या पुरस्कर्त्यांचेही म्हणणे नीट ऐकले पाहिजे. जुन्या नियमाने मालक पुढे येईनात, जमिनी अडकून पडल्या आणि कामगारांची व बँकांची देणी थकली, असे ते म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु देणी एकदा फिटतात; गेलेली मोकळी जमीन मात्र परत येत नाही. त्या हिशेबाचे उत्तर शहराला पुढे मिळालेच. गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले. रस्ते, पूल आणि पदपथ मात्र जवळपास गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. जेथे माणसाला पाऊल मागे घ्यायला जागा ठेवलेली नाही, तेथे असा प्रसंग केवळ अपघात म्हणून सोडून देता येत नाही.

यापेक्षा वेगळे काही करता येते काय? ज्या १९८२ साली आपल्याकडे संप सुरू झाला, त्याच साली ब्राझीलमधील साव पावलो शहरात पिंपे बनविणारा एक जुना कारखाना लोकांसाठी खुला झाला. वास्तुशिल्पी लीना बो बार्दी प्रथम ती जागा पाहण्यास गेल्या, तेव्हा ओसाड शेडमध्ये मुले खेळत होती आणि कुटुंबे सुटीचा दिवस घालवीत होती. लोकांनी जागेचा उपयोग आधीच शोधला आहे, आपण तो मोडायचा नाही, हे त्यांनी ओळखले. शेड तशाच ठेवून तेथे वाचनालय, नाट्यगृह, हस्तकलेच्या कार्यशाळा आणि भोजनगृह झाले. मागाहून खेळांसाठी उंच इमारती जोडल्या गेल्या. ही संस्था व्यापारी क्षेत्रातील नोकरदारांच्या कल्याणासाठी मालकांकडून घेतल्या जाणाऱ्या वर्गणीवर चालते. अर्थात भिंती वाचविणे हे निम्मेच काम. त्या भिंतींच्या आत कोण येणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, हे ठरविणे हे उरलेले निम्मे.

आपल्याकडे बहुतेक जमिनी आता हातच्या गेल्या आहेत, हे खरे. तथापि सारेच संपलेले नाही. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचा महापालिकेचा प्रकल्प आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही गिरण्यांच्या चिमण्याही अद्याप उभ्या आहेत. या जागांचा विचार करताना तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. पहिली, त्यांचा दरवाजा चाळींच्या बाजूला उघडावा आणि प्रवेशाला तिकीट नसावे. दुसरी, संग्रहालयात केवळ माग मांडून ठेवू नयेत. जोडीला अभ्यासिका, तालमीची खोली आणि संध्याकाळचे वर्ग असावेत. तिसरी, त्यांच्या कारभारात त्या वस्तीतील माणसांना व जुन्या कामगारांना हक्काची जागा असावी. त्यांच्या आयुष्याचे प्रदर्शन मांडायचे आणि त्यांनाच प्रेक्षक करायचे, यासारखा दुसरा उपहास नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत घरातील सारी माणसे निजल्यावर जिन्याच्या दिव्याखाली अभ्यास करणारी मुले या वस्तीने नेहमीच पाहिली आहेत. त्यांच्या आजोबांनी ज्या शेडमध्ये तीन पाळ्यांत उमेदीची वर्षे घालविली, तेथे त्यांना एक टेबल, एक दिवा आणि थोडी शांतता मिळावी, एवढेच मागणे आहे. ज्या शहराने ६०० एकरांचा व्यवहार केला, त्याला एवढे देणे जड जाऊ नये.