छळाला घाबरून श्रद्धा नाकारणाऱ्यांना परत घ्यायचं का? आरंभीच्या चर्चसमोरचा सगळ्यात अवघड प्रश्न

आरंभीच्या चर्चचा विषय निघाला की सिंहांपुढे टाकलेले, पण श्रद्धा न सोडणारे हुतात्मे आठवतात. ते चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. कारण तिसऱ्या शतकात एक वेळ अशी आली, की हुतात्म्यांपेक्षा माघार घेणाऱ्यांची संख्या कितीतरी जास्त होती. छळ ओसरल्यावर हेच लोक चर्चच्या दाराशी परत आले. त्यांचं करायचं काय, यावरून चर्च फुटलं. या वादातून जे उत्तर निघालं, ते आजच्या श्रद्धावंतांनाही विचार करायला लावणारं आहे.

नेमकं काय घडलं होतं?

इ.स. २४९ मध्ये डेशियस रोमचा सम्राट झाला. सरहद्दीवर हल्ले सुरू होते, साम्राज्य अस्थिर होतं. देवांची कृपा परत मिळवण्यासाठी प्रजेने रोमन देवांना बळी अर्पण करावा, असा हुकूम त्याने काढला. अर्पण केल्यावर स्थानिक समितीकडून तसा दाखला मिळायचा.

असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर टिकून राहिले आहेत. मी देवांना नेहमीच अर्पण करत आलो आहे आणि आता तुमच्यासमोरही केलं, अशा ठरावीक मजकुराखाली अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. त्यातला एक दाखला तर मगर-देवाच्या पुजारिणीचा आहे. म्हणजे हुकूम फक्त ख्रिस्ती लोकांपुरता नव्हता. पण एकाच देवाला मानणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी हा दाखला मिळवणं म्हणजे श्रद्धा नाकारणं होतं.

रोमचे बिशप फेबियन जानेवारी २५० मध्येच मारले गेले. अनेकांना तुरुंगात टाकलं, काहींचे हाल केले. आणि बहुसंख्यांनी माघार घेतली.

माघार घेणारे सगळे सारखेच होते का?

नाही, आणि पुढचा सगळा वाद इथूनच सुरू झाला. काहींनी खरोखर बळी दिला. काहींनी फक्त धूप जाळला. काहींनी अर्पण न करताच लाच देऊन दाखला विकत घेतला. कोणी बोलावणं यायच्या आधीच धावत गेला, तर कोणी यातना असह्य झाल्यावर मोडला. बायकामुलांना वाचवण्यासाठी एकट्याने जाऊन अर्पण करून येणारेही होते.

कार्थेज हे आजच्या ट्युनिशियातलं शहर. तिथले बिशप सायप्रियन यांनी या सगळ्यांविषयी सविस्तर लिहून ठेवलं आहे. मात्र त्यांची स्वतःची बाजूही नाजूक होती. छळ सुरू होताच ते शहर सोडून लपले आणि पत्रांतून कारभार पाहत राहिले. कळपाला सोडून मेंढपाळ पळाला, अशी टीका त्यांच्यावर झाली.

वादाच्या तीन बाजू कोणत्या होत्या?

पहिली बाजू लगेच माफ करा म्हणणाऱ्यांची. तुरुंगात जाऊनही न डगमगलेल्या लोकांना मोठा मान होता. माघार घेतलेले लोक त्यांच्याकडून शिफारसपत्रं आणू लागले. काही पत्रांवर तर ‘अमुक आणि त्याची माणसं’ इतकंच लिहिलेलं असे. माणसं किती आणि कोण, याचा पत्ताच नाही.

दुसरी बाजू रोममधल्या नोवेशियनची. देव या लोकांना क्षमा करील तर करो, पण चर्चने त्यांना परत घेऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं. २५१ मध्ये कॉर्नेलियस रोमचे बिशप झाले, तेव्हा नोवेशियन प्रतिस्पर्धी बिशप म्हणून उभा राहिला. त्याच्या अनुयायांचं वेगळं चर्च पुढे काही शतकं टिकलं.

तिसरी बाजू सायप्रियन यांची. घाईने माफी नको आणि दार कायमचं बंदही नको. छळ थांबू द्या, मग एकत्र बसून ठरवू, असं ते म्हणत होते.

निर्णय काय झाला?

२५१ मध्ये कार्थेजला उत्तर आफ्रिकेतल्या बिशपांची परिषद भरली. नुसता दाखला विकत घेतलेल्यांना प्रत्येकाची बाजू तपासून परत घ्यावं, असं ठरलं. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घकाळ प्रायश्चित्त करावं. मृत्युशय्येवर असतील तर त्यांना प्रभुभोजन नाकारू नये. माघार घेतलेल्या धर्मगुरूंना सामान्य सभासद म्हणून जागा होती, पण जुनं पद परत मिळणार नव्हतं.

काही काळाने नव्या छळाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा नियम आणखी सैल झाला. प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांनाच परत घेण्यात आलं. त्यामागचा विचार साधा होता: ज्यांना पुन्हा परीक्षेला उभं राहायचं आहे, त्यांना उपाशी कसं पाठवायचं?

आजच्या श्रद्धावंतांनी यातून काय घ्यावं?

एक, चूक आणि परिस्थिती एकत्र पाहावी लागते. आपणहून धावत गेलेला आणि यातनांनी मोडलेला, दोघांना एकच माप लावणं म्हणजे न्याय नाही.

दोन, क्षमा आणि पद या वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वासघात करणाऱ्या नेत्याला माफ केलं म्हणजे त्याची खुर्चीही परत द्यायलाच हवी, असं आरंभीच्या चर्चने मानलं नाही. एखाद्या धर्मगुरूवर गंभीर आरोप सिद्ध झाल्यावर आजही हाच प्रश्न उभा राहतो.

तीन, असे निर्णय एकट्याने घ्यायचे नसतात. सायप्रियन बिशप असूनही परिषदेपर्यंत थांबले.

चार, टिकून राहिलेल्यांचा अहंकारही चर्च फोडू शकतो. नोवेशियनच्या गटाला शुद्ध चर्च हवं होतं. पण येशूला तीनदा नाकारणारा पेत्रच प्रेषितांमध्ये अग्रभागी राहिला, या गोष्टीचं उत्तर शुद्धतेच्या हट्टात सापडत नाही.

हा प्रश्न तिथेच संपला का?

नाही. १५४९ मध्ये गोव्याहून निघालेल्या फ्रान्सिस झेवियर यांनी जपानमध्ये ख्रिस्ती धर्म पोहोचवला. सतराव्या शतकात तिथे बंदी आली आणि लोकांना येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावलं जाऊ लागलं. अनेक कुटुंबं पाय ठेवायची आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची. दोन शतकांहून अधिक काळ असा गेला. १८६५ मध्ये नागासाकीच्या चर्चमध्ये येऊन त्यांच्या वंशजांनी आपली श्रद्धा उघड केली. पाय ठेवणाऱ्यांना कायमचं बाहेर मानलं असतं, तर परत यायला कोणी उरलंच नसतं.

सायप्रियन यांचं पुढे काय झालं?

त्याच दशकात साथीचा भयंकर रोग पसरला. तेव्हा फक्त आपल्या माणसांची नव्हे, इतरांचीही सेवा करा, असं सायप्रियन यांनी सांगितल्याचं त्यांच्या चरित्रकाराने नोंदवलं आहे. पुढे सम्राट व्हॅलेरियनच्या काळात पुन्हा छळ सुरू झाला. या वेळी ते अखेरपर्यंत लपून राहिले नाहीत. १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेजमध्ये त्यांचा शिरच्छेद झाला.

एकदा पळालेला माणूस दुसऱ्या वेळी उभा राहू शकतो. त्यासाठी मधल्या काळात त्याला कोणीतरी जागा द्यावी लागते.