कॉलेजात गेलेल्या मुलाची चौकशी

मृगाचा पाऊस पडतो, पेरणी आटोपते, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावची दोन-चार मुले-मुली पिशवी खांद्याला लावून निघतात. कोणी वणीला, कोणी पुसदला, कोणी दारव्ह्याला, तर कोणी खुद्द यवतमाळला. बारावी झालेली असते, आता कॉलेज. घरची माणसे एस. टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला येतात. "नीट शिकजो, बाप्पा," असे म्हणून आजी पाठीवरून हात फिरवते आणि गाडी सुटते.

मग येते दिवाळी. मुले घरी येतात. सुट्टी संपते, बाकीची परत जातात, पण त्यांतला एखादा जातच नाही. चार दिवस कोणी काही विचारत नाही. पुढे तो पऱ्हाटीत कापूस वेचताना दिसतो, आणि गाव म्हणते, "नाही झेपलं पोराला कॉलेज."

मंडळी, आजचे हे बोलणे त्या न परतलेल्या मुलाविषयी आहे. त्याला कॉलेज झेपले नाही, हे दर वेळी खरे नसते. बऱ्याचदा कारण अगदी लहान असते. हजेरी कमी भरली, एका विषयात नापास झाला, शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला, नाहीतर खोलीभाडे थकले. यांतल्या बहुतेक गोष्टींवर कॉलेजच्या नियमांतच उपाय लिहिलेला असतो. पण उपायाला तारीख असते, आणि तो मागावा लागतो. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग कचेरी कुठून पाजणार?

आपल्या भागात कॉलेज ही तशी नवलाईचीच गोष्ट होती. एके काळी पुढे शिकायचे म्हणजे अमरावती नाहीतर नागपूर गाठावे लागे. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ सालचे. यवतमाळात अमोलकचंद महाविद्यालय १९५६ साली निघाले. १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले. आज ते संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते, आणि आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजे त्यालाच जोडलेली आहेत. कॉलेज घराजवळ आले, हे चांगलेच झाले. पण ज्या घरातले पहिलेच मूल कॉलेजात जाते, त्या घरात कॉलेजचे नियम सांगणारे कोणी नसते. शाळेत गुरुजी घरी निरोप धाडत. कॉलेजात निरोप फळ्यावर लागतो. ज्याने वाचला त्याला कळला.

आता नियम पाहू. पहिला हजेरीचा.

कॉलेजचे वर्ष दोन सत्रांत विभागलेले असते, आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी परीक्षा असते. परीक्षेला बसायचे तर साधारणपणे शंभरातले पंचाहत्तर तास हजर असावे लागते. हा हिशेब नीट समजून घ्या. समजा, एका विषयाचे सत्रात ६० तास आहेत, आठवड्याला चार. त्यांतले ४५ भरले पाहिजेत. म्हणजे १५ तास चुकले तरी चालतात. आता मुलगा कापूस वेचायला तीन आठवडे घरी राहिला, तर १२ तास गेले. उरले तीन. त्यानंतर चार दिवस ताप आला, की हिशेब बिघडलाच.

कास्तकाराच्या घरी वेचणीला माणूस लागतो, हे मी जाणतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पण पहिले सत्र संपते ते नेमके वेचणीच्या दिवसांत. तेव्हा मुलाला बोलावण्याआधी बापाने एवढेच विचारावे, "तुझे किती तास चुकले आहेत?" तीन आठवड्यांऐवजी दोन शनिवार-रविवार बोलावले, तर कापूसही घरात येतो आणि सत्रही वाचते. आजारपणामुळे किंवा घरच्या दुःखद प्रसंगामुळे रजा झाली असेल, तर दाखला जोडून त्याच आठवड्यात अर्ज द्यावा. अशा वेळी काही सूट देण्याची सोय नियमांत असते. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी नेलेला अर्ज म्हणजे वरातीमागून घोडे.

दुसरी गोष्ट गुणांची. कॉलेजात सगळे गुण शेवटच्या परीक्षेचे नसतात. काही गुण सत्र चालू असताना चाचण्या, गृहपाठ आणि प्रयोगवही यांवर मिळतात. पहिला वेचा सोडून केवळ शेवटच्या वेच्यावर कापसाचा हिशेब होत नाही, तसेच हे. म्हणून प्रत्येक विषयाला आतले गुण किती आणि बाहेरचे किती, हे पहिल्या पंधरवड्यातच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट नापास होण्याची. येथेच पुष्कळ मुलांचा घात होतो. शाळेतली समजूत अशी, की नापास म्हणजे वर्ष गेले. कॉलेजात तसे नाही. एक-दोन विषय राहिले तरी ठरलेल्या मर्यादेत पुढच्या वर्गात बसता येते आणि राहिलेला विषय नंतर सोडवता येतो. मुले याला 'एटीकेटी' म्हणतात. किती विषयांपर्यंत ही सवलत आहे, ते आपल्या अभ्यासक्रमाच्या नियमांत पाहावे. पेपर चांगला गेला होता, तरी गुण कमी पडले असे वाटले, तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, फेरतपासणीही मागता येते. त्यालाही मुदत असते, आणि ती निकालाच्या दिवसापासून मोजतात.

आणि समजा, सोडावेच लागले, तर? घरावर प्रसंग आला, वडील अंथरुणाला खिळले, मुलाला घरी येणे भागच पडले. अशा मुलासाठीही आता वाट ठेवलेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे विद्यार्थ्याने पास केलेल्या विषयांची श्रेयांके एका सरकारी खात्यात जमा राहतात. बँकेत जसे पैसे, तसे या श्रेयांक-पेढीत शिक्षण. आपल्या राज्यात विद्यापीठांना जोडलेल्या कॉलेजांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. पहिले वर्ष पुरे करून, वर ठरवून दिलेला थोडा जादा कौशल्याचा अभ्यास केला, तर प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनी पदविका आणि तीन वर्षांनी पदवी. मध्ये सोडणाऱ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि सगळे मिळून सात वर्षांत पदवी पुरी करता येते. याचा अर्थ सोडून यावे असा नाही. अर्थ एवढाच, की सोडताना कॉलेजात जाऊन रीतसर सांगावे, कागद घ्यावेत आणि परतीची तारीख विचारून ठेवावी. जो सांगून येतो त्याला दार उघडे असते. जो गुपचूप येतो, त्याचे पहिले सत्रही वाया जाते.

आता पैशाकडे वळू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही योजना जुनी आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ती १९४४ साली सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पुढे अनुसूचित जमाती आणि इतर समाजांच्या मुलांसाठीही अशी सोय झाली. आज आपल्या राज्यात हे अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरतात आणि पैसे विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. येथे तीन ठिकाणी गाडी अडते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, बँक खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा पहिल्या वर्षी अर्ज केला म्हणून दुसऱ्या वर्षी करायचे राहून जाते. अर्ज दर वर्षी करावा लागतो, हे पक्के ध्यानात ठेवा. आणि दाखले तहसिलीतून आणायचे, ते बारावीचा निकाल लागण्याआधीच. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

राहण्या-जेवणाची अडचण याहून मोठी. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची वसतिगृहे आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांनी यासाठी पांढरकवडा किंवा पुसद येथील प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून हात हलवीत परत येऊ नये. अशाच मुलांना खोली आणि जेवण यांसाठी रोख मदत देणाऱ्या योजना आहेत. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आणि भटक्या-विमुक्त व इतर मागासवर्गीय मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. तांड्यावरच्या पालकांनी हे शेवटचे नाव विशेष लक्षात ठेवावे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मुलींसाठी तर शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय केला, की कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागासवर्गीय गटांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करावे. तेव्हा "पोरीच्या शिक्षणाला पैसा कुठून आणू?" असे म्हणण्याआधी एकदा कॉलेजच्या कचेरीत विचारून यावे.

मदत मागण्यात कमीपणा कसला? कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९४७ साली कॉलेज काढले, तेव्हा मुलांनी श्रम करावे आणि शिकावे, ही 'कमवा आणि शिका'ची रीत घालून दिली. आज कितीतरी कॉलेजांत या नावाने वाचनालयात किंवा बागेत काही तासांचे काम मिळते. ग्रंथालयात पुस्तकपेढी असते, सत्रभर पुस्तके घरी नेता येतात. दृष्टी अधू असलेल्या किंवा हाताने लिहिता न येणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. पण यासाठीही अर्ज आधीच द्यावा लागतो.

कोणी त्रास देत असेल, तर तोही मुकाट्याने सोसू नये. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे. देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा फुकट दूरध्वनी आहे. गुण, फी किंवा कागदपत्रे यांविषयी गाऱ्हाणे असेल, तर प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२३ चा नियम आहे. तिने शक्यतो कामाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मूळ गुणपत्रिका पाहून परत द्याव्यात, अडकवून ठेवू नयेत, हेही आयोगाने २०१८ साली बजावले आहे. तक्रार तोंडी करू नका. कागदावर लिहा आणि पोच घ्या.

आणि मन खचले तर? आपल्या जिल्ह्याने पुष्कळ दुःख पाहिले आहे. मूल गप्प गप्प राहते, जेवत नाही, फोन उचलत नाही, असे दिसले तर रागावू नका, जवळ बसा. १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, आपल्या भाषेत, फुकट बोलता येते. 'टेली-मानस' ही सेवा २०२२ पासून चालू आहे. नापास झालेला पेपर पुन्हा देता येतो. मूल पुन्हा मिळत नाही.

शेवटी दोन शब्द गावातल्या शिक्षकांसाठी. गुरुजी, बाई, ही मुले तुमच्याच हाताखालून गेली आहेत. कॉलेजच्या प्राध्यापकाशी बोलायला ती बिचकतील, तुमच्याशी बिचकणार नाहीत. दर वर्षी गावातून कोण कोठे शिकायला गेले, याची एक यादी ठेवा. दिवाळीत मुले आली, की एक संध्याकाळ त्यांना शाळेत बोलवा आणि चार प्रश्न विचारा. हजेरी किती भरली? कोणता विषय जड जातो? शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का? राहण्या-जेवणाचे कसे चालले आहे? जेथे उत्तर अडेल, तेथे मुलाबरोबर कॉलेजात एक चक्कर मारा, किंवा अर्ज लिहून द्या. तुमच्या एका संध्याकाळीने एखाद्याची तीन वर्षे वाचतील.

आणि मुलांनो, तुम्हांला एकच सांगणे. अडचण आली, तर घरी येणाऱ्या गाडीत बसण्याआधी एकदा कॉलेजच्या कचेरीची पायरी चढा. "सर, माझं असं असं झालं आहे, काय करू जी?" एवढेच विचारा. नाही म्हटले, तर परतीची गाडी संध्याकाळीही असतेच.