पाणी किती दिवसांनी?

पहाटे पाच

मे महिन्यात नर्सरीचं खरं काम उजाडायच्या आधी उरकावं लागतं. काटई-कर्जत रस्त्यावर एवढ्या पहाटे ट्रक सोडले तर चिटपाखरू नसतं. बोअरची मोटर लावायची, पाइप उलगडायचा आणि मागच्या रांगेपासून सुरुवात करायची. रात्रभरात काळ्या पिशव्या निवलेल्या असतात. पानांवर उडालेलं पाणीही ऊन चढायच्या आत वाळून जातं. हेच पाणी अकराला घातलं तर तापलेल्या पिशवीत ते मुळांना शेकतं. आणि उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी तर चहाला चालेल इतकं कढत असतं, ते आधी रस्त्यावर सोडून द्यावं लागतं.

कोंडेश्वरच्या वाटेवरच्या वाडीतून येणाऱ्या मावशी माझ्याआधी हजर असतात. त्या झाडाकडे बघतच नाहीत. पिशवीचा काठ धरून दोन बोटं वर उचलतात आणि खाली ठेवतात. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर पुढची. "हिच्या बुडाला अजून ओल हाय," म्हणाल्या की मी त्या पिशवीवरून पाइप पुढे नेतो. वाद घालत नाही. मातीच्या मोठ्या कुंड्या उचलत नाहीत, तिथे बोटाने टिचकी मारतात. कोरडी कुंडी खणखणते, ओली कुंडी ठस्स वाजते. ओलावा मोजायचं यंत्र मिळतं, एका गिऱ्हाइकाने मला भेटही दिलंय. ते गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये आहे.

साडेसहा

पाण्याची दुसरी फेरी. हा भाग घरी बहुतेक जण गाळतात. पहिल्या फेरीत माती फक्त भिजते. सुकलेल्या मातीवर, त्यातून कोकोपीट असेल तर, पाणी आधी घरंगळतं, कुंडीच्या कडेने सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं, झालं पोटभर. आत बोट घातलं तर मधला गड्डा कोरडा ठणठणीत. म्हणून एकदा थोडं घालायचं, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची आणि मग भोकातून धार लागेपर्यंत घालायचं. बारा इंची कुंडीला दोन-अडीच लिटर सहज लागतं. माती अगदीच वाळून आक्रसली असेल तर कुंडी सरळ पाण्याच्या टबात बसवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची.

रोज सकाळी कपभर पाणी घालणाऱ्यांची झाडं मी दुरून ओळखतो. मातीवर पांढरट पापुद्रा, वरची इंचभर माती हिरवट-शेवाळलेली आणि मुळं सगळी वरच गोळा झालेली. खालपर्यंत पाणी कधी पोचलेलंच नसतं, भोकातून बाहेरही कधी पडलेलं नसतं. त्यामुळे पाण्यातले आणि खतातले क्षार कुंडीतच साठत जातात. आमच्याकडे बोअरचं पाणी जडच आहे. नळाला उल्हास नदीचं, बॅरेजवरून येणारं पाणी मिळतं, त्यांचं जरा बरं.

साडेसात

स्टेशनच्या दिशेने रिक्षा धावायला लागतात आणि गिऱ्हाइकांची पहिली खेप येते. खरेदीला नव्हे, पाठीवर सॅक आणि हातात झाडाची फांदी घेऊन, प्रश्न विचारायला. लोकल गाठायची असते, त्यामुळे प्रश्न एकाच वाक्यात येतो: "काका, मोगऱ्याला पाणी किती दिवसांनी घालायचं?"

मी उलट विचारतो. कुंडी केवढी? मातीची की प्लास्टिकची? गॅलरी पूर्वेला की पश्चिमेला? कितवा मजला? खाली भोक आहे ना? माणूस घड्याळ बघतो. त्याला आकडा हवा असतो, आणि तो मी देऊ शकत नाही. आठव्या मजल्यावर पश्चिमेच्या वाऱ्यात आठ इंची मातीच्या कुंडीतला मोगरा मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी मागतो. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर, पूर्वेच्या गॅलरीत, बारा इंची प्लास्टिकच्या कुंडीतला मोगरा दोन दिवसांआड मागतो. जुलैत दोघांनाही काही लागत नाही.

बदलापुरात झाडांना पाणी मिळतं ते मध्य रेल्वेच्या वेळापत्रकावर. सीएसएमटीपर्यंतचा दीड तासाचा प्रवास, सकाळी सात-साडेसातला घर सोडायचं, रात्री नऊला परत. मग झाडांना पाणी म्हणजे सकाळी चपला घालता घालता ओतलेला तांब्या, किंवा रात्री दिवा लावून. मी त्यांना सांगतो, वेळ तुमच्या सोयीची ठेवा, पण बघणं रोजचं ठेवा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर तांब्या तसाच परत न्या. रिकाम्या हाताने परत जाणं लोकांना जमत नाही, हीच खरी अडचण.

दहा

आज खताचा दिवस. मोठ्या पिंपात 19:19:19 कालवतो, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखे. लिटरला एक ग्रॅम. पुडीवर यापेक्षा जास्त लिहिलेलं असतं, ते शेतातल्या पिकाच्या हिशेबाने. कुंडीत मुळाला पळायला जागा नसते. चहाच्या चमच्यात साधारण पाच ग्रॅम मावतं, म्हणजे एका चमच्याला पाच लिटरची बादली. वाढत्या, पानं-कळ्या टाकणाऱ्या झाडांना हे पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. कोरड्या मातीत कधीच घालायचं नाही. पहाटे पाणी दिलेलं असतं म्हणूनच मी खत दहाला घेतो. तहानलेल्या मुळावर खारट पाणी पडलं की पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरतात आणि लोक ते उन्हाच्या नावावर घालतात.

कोरडं खत वेगळं. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन मुठी आणि निंबोळी पेंड एक मूठ, बारा इंची कुंडीला महिन्या-दीड महिन्याने, वरची माती हलकी खुरपून. शेणखत हातात घेतल्यावर भुगा व्हायला हवं, वास यायला नको. कच्चं शेण घातलं की ते कुंडीत तापतं, आणि हुमणीची पांढरी अळी आतून मुळं खाते. मोहरीची पेंड चार दिवस भिजवून, दहापट पाण्यात पातळ करून घातली तर फुलझाडांना मानवते. वासाची तक्रार शेजारून येणारच, ती आमच्याकडे आणू नये.

खत कधी घालायचं नाही, हे मला जास्त वेळा सांगावं लागतं. झाड मलूल झालं की खत, ही घराघरातली रीत आहे. तापाने फणफणलेल्याला पुरणपोळी वाढण्यातला प्रकार. नुकतं कुंडी बदललेलं झाड, उन्हाने भाजलेलं झाड, मुळं सडलेलं झाड, या तिघांना महिनाभर तरी खत नाही.

पानं पिवळी पडली म्हणून फोटो दाखवणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: पिवळी खालची की वरची? जुनी खालची पानं सबंध पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार असतील तर लोह मिळत नाही. जास्वंद आणि लिंबू यांत हे नेहमी दिसतं. लोह मातीत असतंही, पण जड पाण्याने माती अल्कली होते आणि ते मुळांना घेता येत नाही. मग चिलेटेड फेरस, लिटरला अर्धा ग्रॅम. आणि सगळंच झाड पिवळट, ढिलं, माती ओली, कुंडीला कुबट वास असेल, तर पाणी जास्त झालंय. इथेच सगळे फसतात. मुळं सडली की झाड पाणी घेऊ शकत नाही, त्यामुळे ते तहानलेल्यासारखंच मान टाकतं, आणि घरातलं माणूस माया करून आणखी पाणी घालतं.

एक

शेडनेटखालीसुद्धा अंग भाजतं. समुद्राचा वारा इथवर येईपर्यंत त्याच्यात काही उरत नाही आणि चाळिशीच्या वरचा पारा बदलापूरला नवा नाही. या वेळी जास्वंदीची मोठी पानं खाली लोंबलेली असतात. नवीन पोरगा कामाला आला की हमखास पाइप घेऊन धावतो. त्याला थांबवावं लागतं. पानांतून पाणी उडतं तितक्या वेगाने मुळं ओढू शकत नाहीत, म्हणून झाड पानं सैल सोडतं. साडेपाच-सहाला ती आपोआप उभी राहिली तर काही झालेलं नाही. नाही राहिली, तर मग कुंडी बघायची.

मी डबा खातो. मावशी जांभळाच्या झाडाखाली आडव्या होतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून रोपांना विचारणा वाढलीय, पण गॅलरीत कुंडीतलं जांभूळ मागणाऱ्याला मी विकत नाही. वाद होतो. होऊ दे.

तीन

दुपारच्या सुस्तीत एक कॉलेजातला मुलगा आला. आधी इकडेतिकडे बघितलं, तुळशीचा भाव विचारला, मग मोबाइल पुढे केला. बोटांसारखी कातरलेली, दातेरी पानं. "काका, हे कुंडीत आहे. मातीच आहे. पाणी-खत किती दिवसांनी?"

झाड कुठलं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. गांजाच्या झाडाच्या पाण्याचं वेळापत्रक मी देत नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्याने परवान्याशिवाय लागवड गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. कायदा एकर विचारत नाही, एका कुंडीलाही लागू आहे. उत्तराखंडात 2018 पासून नशेचा अंश नगण्य असलेल्या भांगेच्या शेतीला धाग्यासाठी परवाने देतात, ते त्याने कुठेतरी वाचलेलं होतं. "ते तिकडचं," म्हटलं, "आणि तेही परवान्याने. घरी आईला माहीत आहे का?" तो काही न घेता गेला. तुळस तरी घ्यायची.

चार

आंध्रातल्या कडियमहून आलेली रोपं आज कुंड्यांत भरायची. राजमहेंद्रीजवळच्या त्या पट्ट्यात नर्सऱ्यांचीच गावं आहेत आणि आपल्याकडचे कितीतरी गुलाब, जास्वंद, शोभेची झाडं तिथून ट्रकने येतात. बाकी माल उरुळी कांचनचा. उरुळीची रोपं भुसभुशीत मातीत असतात, त्यांचा त्रास नाही. कडियमच्या रोपाची पिशवी फाडली की हातात येतो चिकण मातीचा घट्ट गोळा. गोदावरीकाठचा गाळ तो. प्रवासात रोप हलू नये, ओल टिकावी, म्हणून तो उत्तमच. पण तोच गोळा जसाच्या तसा आपल्या हलक्या मातीत बसवला की गडबड होते. बाहेरची माती दोन दिवसांत सुकते, गोळा आत चिखल राहतो. किंवा एकदा का गोळा सुकून दगड झाला की बाहेरची माती कितीही भिजवा, आत थेंब शिरत नाही. वरून बोट घालणाऱ्याला दोन्ही वेळा चुकीचं उत्तर मिळतं.

मावशी गोळा पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास ठेवतात, मग अंगठ्याने कडेची माती हळूहळू सोडवतात, साधारण तिसरा हिस्सा. मुळं तुटू लागली की थांबतात. गुलाबाच्या बाबतीत तर एवढंही करत नाहीत, गोळ्याला चार-पाच ठिकाणी काडीने भोकं पाडतात आणि पावसाळ्याची वाट बघतात. मिश्रण आमचं साधं: दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. शेतातली काळी माती घालू का, असं कर्जतकडचे लोक विचारतात. कुंडीत ती उन्हात भेगाळते आणि पावसात लगदा होते.

साडेपाच

जास्वंद उभी राहिली. आता फक्त लहान पिशव्यांना आणि वाफ्यातल्या रोपांना पाणी, मोठ्या कुंड्यांना नाही. पानांच्या मागच्या बाजूने जोराचा फवारा, उन्हाळ्यात लाल कोळी तिथेच बसतो. पावसाळ्यात मात्र संध्याकाळी पान ओलं करायचं नाही, बुरशी येते. स्नेक प्लांट, जेड, अडेनियम एका कोपऱ्यात वेगळे ठेवलेत, कारण पाइप हातात असला की माणूस विचार न करता सगळ्यांवर फिरवतो. त्यांना दहा-बारा दिवसांनी एकदा, तेही माती पूर्ण सुकल्यावर.

आठ

परतीच्या लोकलची माणसं. कोणी सुट्टीत आठवडाभर गावी निघालेलं. त्यांना पाण्याची बादली कुंडीपेक्षा जरा उंचावर, सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं मातीत दोन इंच, एवढं सांगतो. झाडं उन्हातून आत ओढून एकमेकांना चिकटून ठेवा, म्हणजे निम्मं काम होतं.

पावसाच्या तयारीचं बोलणं आता रोज निघतं. भोकं काडीने मोकळी करा, कुंड्या विटांवर चढवा, जून ते सप्टेंबर पाण्यात विरघळणारं खत बंद, सगळं वाहून जातं. नदीकडच्या सोसायट्यांतल्या लोकांना वेगळं सांगावं लागतं. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती, तेव्हा नदीकाठी तळमजल्यावरच्या कुंड्यांत गाळ बसला. असा गाळ वरून खरवडून काढला नाही तर तो मातीला झाकण लावतो आणि खाली मुळं गुदमरतात. गाळ काढायचा, पानं धुवायची, आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत नाही.

शेवटी एक काकू कुंड्यांखालच्या ताटल्या घ्यायला आल्या होत्या. त्यांना म्हटलं, पावसात ताटल्या लावूच नका, कुंडीचं बूड पाण्यात राहतं आणि त्या साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास अंडी घालतात.

"मग मागच्या महिन्यात विकल्यात कशाला?"

"मागच्या महिन्यात पाऊस कुठे होता, काकू?"

"परत घेणार का?"

"नाही. धुऊन ठेवा, दसऱ्यानंतर लागतील."