ठासणीच्या बंदुकीची दुरुस्ती : लोहाराकडे कीं कारखान्याकडे?

भाताचा दाणा भरूं लागला कीं दक्षिण कोंकणांतील शेतकऱ्याची रात्रीची झोप जाते. रानडुकरांचा एक कळप एका रात्रींत मळ्यांत शिरला, तर जेवढें खातो त्याच्या कितीतरी पट तुडवून नासतो. सहा महिन्यांचे श्रम सकाळीं चिखलांत लोळत पडलेले पाहण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर आला असेल. कुंपण, बुजगावणें, माळ्यावरील जागरण, डबे वाजविणें हे सारे उपाय थकले म्हणजे भिंतीवरील ठासणीची बंदूक खालीं येते. परंतु ही बंदूक स्वतःच नादुरुस्त झाली तर काय करावें, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. तो करण्याची पाळी आमच्यावर आली, आणि त्यांतून जें शिकलों तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम कायद्याची स्थिति. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्यें, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं नागरिकानें ठासणीची बंदूक मागितली तर तिचा परवाना द्यावा, असें स्पष्ट शब्दांत म्हटलें आहे. तिनें काम भागणार नाहीं अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळूं शकते. अर्थात् शेतकऱ्याची बंदूक म्हणजे ठासणीची बंदूक हें कायद्यानेंच मानलें आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. उभ्या पिकाची हानि करणाऱ्या जनावरास मारावयाचें, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणें अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. ही मर्यादा ध्यानांत ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

दोन वर्षांपूर्वींच्या भाद्रपदांतील गोष्ट. आमच्या घरची बंदूक रात्रीं बार काढतांना मागच्या बाजूनें ज्वाळा फेकूं लागली. ज्या पोकळ खुंटीवर टोपी बसवितात, आणि जिला कारागीर निपल म्हणतात, तिच्या मुळाशीं धूर निघे. एके रात्रीं आमच्या पुतण्याच्या गालावर, डोळ्याच्या खालीं दोन बोटांवर, भाजल्याचा डाग उठला. शिवाय दुसरा दोष त्याहून वाईट होता. घोडा अर्धा ओढून ठेवला असतां चाप दाबला तरी तो पडूं नये अशी खाच आंत असते. ती इतकी झिजली होती कीं दस्ता जमिनीवर जरा आपटला तरी घोडा सुटे. टोपी चढविलेली असती तर बार कोणाच्या अंगांत गेला असता, हें सांगावयास नको.

गांवच्या लोहारानें बंदूक पाहून अर्ध्या दिवसांत काम करून देतों म्हणून सांगितलें. खुंटीच्या भोंवतीं पितळ ओतून ती घट्ट बसवावयाची आणि खाच कानसीनें खोल करावयाची, असा त्याचा बेत होता. माणूस हाताचा कुशल आणि मनाचा सरळ. नांगराचा फाळ त्याच्याइतका चांगला कोणी घडवीत नाहीं. आम्ही बंदूक त्याच्या हातीं देणारच होतों. इतक्यांत आमच्या वाडींतील एका वृद्ध गृहस्थांनीं आपला डावा हात पुढें केला. त्या हातास दोनच बोटें व अंगठा. “माझीही अशीच अर्ध्या दिवसांत झाली होती,” एवढेंच ते म्हणाले. त्यांच्या बंदुकीच्या नळीचें मागील बूच ढिलें झालें असतां कोणीतरी तेथें साधा खिळा ठोकून दिला होता. तिसऱ्या बारास तो खिळा बुचासह उडाला.

यांतील कारण समजून घेतलें पाहिजे. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बुचानें बंद केलेली असते, आणि तें बूच आट्यांनीं बसविलेलें असतें. दारू पेटतांच सारा दाब त्या आट्यांवर व खुंटीच्या आट्यांवर येतो. फाळ मोडला तर नांगर थांबतो. आटे सुटले तर लोखंडाचा तुकडा बार काढणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. ओतलेलें पितळ बाहेरून भरीव दिसतें, पण लोखंडाशीं त्याची सांधणी आट्यांसारखी होत नाहीं. नळीस भट्टींत घालून तापविलें तर लोखंडाचा मूळचा कस बदलतो, आणि तो बदल डोळ्यांस दिसत नाहीं. कारखान्यांत नवी नळी नेहमींच्यापेक्षां अधिक दारूचा बार देऊन पारखतात व मगच तिच्यावर चाचणीची खूण उठवितात. ती खूण नळीच्या मूळ स्थितीची साक्ष आहे. नळीवर भलताच हात फिरला कीं त्या साक्षीस कांहींच किंमत उरत नाहीं.

दुसरें कारण कायद्याचें. उपरोक्त अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणें परवान्यावांचून बंदूक बनविणें जसें निषिद्ध आहे, तसेंच ती दुरुस्त करणें, किंबहुना दुरुस्तीसाठीं जवळ ठेवणें, हेंही निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या अपराधास किमान सात वर्षें आणि अधिकांत अधिक आजन्म कारावास, अशी शिक्षा सांगितली आहे. आपल्या अर्ध्या दिवसाच्या सोयीसाठीं एका गरीब कारागिरास एवढ्या संकटांत लोटण्याचा आपणांस काय अधिकार?

तेव्हां आम्हीं बंदूक जेथें बनली तेथेंच पाठविण्याचें ठरविलें. ती बिहारमधील मुंगेर येथें बनलेली. नवाब मीर कासिम यानें १७६० नंतरच्या दशकांत आपली राजधानी मुर्शिदाबादेहून मुंगेरास नेली व तेथें शस्त्रशाळा उभारली. बंदुका घडविण्याची तेथील परंपरा तेव्हांपासूनची आहे. कारखानदाराचें नांव आणि अनुक्रमांक नळीवर कोरलेला होता. परवान्यावरील क्रमांकाशीं तो आम्हीं प्रथम ताडून पाहिला. मग पत्र लिहिलें. पत्रांत क्रमांक, खरेदीचें वर्ष, दोष केव्हां व कोणत्या प्रसंगीं दिसतो तो तपशील, आणि पूर्वीं कोणाचा हात लागला आहे काय, एवढ्या गोष्टी असाव्या. शेवटच्या मुद्द्यावर आम्हीं “कोणाचाही नाहीं” असें लिहिलें. तें खोटें ठरलें, त्याची हकीकत पुढें येईल.

बंदूक घराबाहेर काढण्यापूर्वीं ती रिकामी आहे कीं नाहीं हें पाहणें सर्वांत महत्त्वाचें. ठासणीच्या बंदुकीचें पोट बाहेरून दिसत नाहीं. खुंटीवरील टोपी काढून, तोंड आपल्या अंगापासून दूर धरून, गज नळींत अलगद सोडावा व तोंडाशीं त्याच्यावर खूण करावी. नंतर तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. गजाचें टोंक बुचापर्यंत पोंचत असेल तर नळी रिकामी. चार बोटें अलीकडे थांबत असेल तर आंत बार आहे असें समजावें. असा अडकलेला बार विस्तवानें तापवून काढण्याचें साहस कोणीही करूं नये. तो परवानाधारक कारागिरानेंच काढावा.

परवान्यावर ज्या क्षेत्राचा उल्लेख असतो त्याच्या बाहेर बंदूक नेणें म्हणजे परवान्याची अट मोडणें होय. म्हणून आम्हीं परवाना अधिकाऱ्याकडे दुरुस्तीचें कारण, कारखान्याचें पत्र व परवान्याची प्रत जोडून अर्ज केला. लेखी अनुमति हातीं आल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणच्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत बंदूक रवाना केली. विक्रेत्यानें दिलेल्या पावतीवर क्रमांक, तारीख आणि बंदुकीची स्थिति लिहून घेतली. दारू व टोप्या मात्र घरींच कुलुपांत ठेविल्या. हे स्फोटक पदार्थ आगगाडीनें अथवा टपालानें बंदुकीबरोबर पाठविणें धोक्याचें व बेकायदा आहे.

आतां आमची तक्रार. पत्रास पहिलें उत्तर येण्यास सहा आठवडे लागले, आणि बंदूक परत येईपर्यंत माघ उजाडला. मधल्या काळांत काय झालें तें सांगणें ओघानें आलेंच. आश्विनांतील एका अंधाऱ्या रात्रीं कळप उतरला आणि खालच्या दोन कुणग्यांतील भात भुईसपाट झालें. माळ्यावर डबा वाजवीत आम्ही पाहत होतों. त्या रात्रीं आम्हीं कारखानदारास मनांतल्या मनांत पुष्कळ बोल लाविले. लहान शेतकऱ्याच्या पत्रास वेळेवर उत्तर देणें हा व्यापाराचा धर्म आहे, असें आम्हांस आजही वाटतें.

परंतु बंदुकीबरोबर आलेल्या कागदानें आमचेंही डोळे उघडले. कारखान्यानें खुंटीचे जुने आटे काढून एक माप मोठे आटे पाडले होते, पाणी दिलेली नवी खुंटी बसविली होती, खाचेचा भाग बदलला होता, आणि बूच तपासून जाड बाराची चाचणी घेतली होती. जुने भाग पुडींत बांधून परत केले होते. खर्च नव्या बंदुकीच्या निम्म्याहून थोडा कमी आला. खालीं दोन वाक्यें होतीं. एक, खुंटीचे आटे दारूच्या मळीनें खाल्ले आहेत. दोन, त्यांवर पूर्वीं कोणीतरी तांब्याची तार गुंडाळून खुंटी बसविली आहे. घरांत विचारतां कळलें कीं ती तार आमच्या थोरल्या बंधूंनींच गुंडाळली होती.

मळीचा दोष सर्वांच्याच घरीं असतो, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. काळ्या दारूंत साधारणतः शेंकडा ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतो. ती जळल्यावर वजनानें निम्म्याहून अधिक भाग वायु न होतां क्षारांच्या रूपानें नळींत चिकटून राहतो. हे क्षार हवेंतील ओल शोषितात, आणि कोंकणच्या दमट हवेंत एका रात्रींत गंज धरवितात. नुसतें तेल लावल्यानें क्षार जात नाहींत, ते पाण्यांतच विरघळतात. म्हणून बार काढल्याच्या दिवशींच खुंटी काढून नळी कढत पाण्यानें धुवावी, गजास फडकें लावून कोरडी करावी, आणि मगच तेलाचा हात द्यावा. निवडणुकीच्या वेळीं बंदुका ठाण्यांत जमा कराव्या लागतात, तेव्हांही अशी धुवून तेल लावूनच द्यावी व परत येतांच पुन्हा पाहावी. काडतुसांतील बिनधुराची दारू ठासणीच्या नळींत कधींही घालूं नये. तिचा दाब ही नळी सोसूं शकत नाहीं.

दुरुस्त होऊन आलेल्या बंदुकीचा क्रमांक परवान्याशीं पुन्हा ताडावा. क्रमांक असलेला भागच बदलला असेल, तर परवान्यावर नोंद करून घेईपर्यंत ती वापरूं नये.

या सर्व अनुभवाचें सार काढावयाचें तर एवढेंच कीं, बंदूक कारखान्याकडेच पाठवावी, परंतु भाद्रपदांत नव्हे. मळणी आटोपली, भात कणगींत पडलें कीं पौषांतच ती धुवून, पारखून, शंका वाटल्यास रवाना करावी, म्हणजे कारखानदाराचा विलंब आपल्या पिकाच्या मुळावर येत नाहीं. आमच्या संघानेंही यांत लक्ष घालावें अशी सूचना आहे. परवाना अधिकाऱ्यांच्या संमतीनें दरवर्षीं पौषांत एखाद्या परवानाधारक कारागिरास तालुक्याच्या ठिकाणीं बोलवावें, सभासदांच्या बंदुका तपासवाव्या, आणि ज्या पाठवावयाच्या त्या एकत्र पाठवाव्या. एकट्या शेतकऱ्याच्या पत्रास सहा आठवडे लागतात. संघाच्या पत्राचा कारखानदार अधिक लवकर विचार करील अशी आम्हांस आशा आहे.

पुतण्याच्या गालावरील डाग आतां पुसट झाला आहे. वृद्ध गृहस्थांचीं बोटें मात्र परत येणार नाहींत. यंदाच्या पौषांत आमची बंदूक त्यांच्याच ओटीवर धुतली. पाणी तापवून देण्याचें काम त्यांनीं आपण होऊन पतकरलें होतें.